मोजणी थांबली तेव्हा : डीएचएस सर्वेक्षणाचं प्रकरण

आकडेवारीच्या एका फाईलमध्ये ‘बी५’ नावाचा रकाना असतो. त्यात दोनच आकडे येऊ शकतात. मूल जिवंत असेल तर १, नसेल तर ०. थोडं पुढे ‘बी७’ असतो. मूल किती महिन्यांचं असताना गेलं ते त्यात लिहिलेलं असतं.

ही फाईल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला फक्त एक दर काढायचा होता. पण संगणकाला काम सांगण्याआधी मी सहज ओळी वाचत खाली गेले. बाईचं नाव तिथे नसतं, क्रमांक असतो. अशाच एका क्रमांकापुढे चार मुलांच्या चार ओळी होत्या : १, ०, ०, १. मधल्या दोघांच्या बी७ मध्ये ० आणि ११. एकाला महिनाही पुरा झाला नव्हता, दुसऱ्याचं वर्ष भरायला महिना बाकी होता. कुणीतरी त्या बाईसमोर बसून हे विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं. त्या दिवशी तो दर काढायला मला बराच वेळ लागला.

एखाद्या देशाची प्रगती मोजायची म्हणजे शेवटी अशा ओळी जमवायच्या. हे प्रकरण त्या ओळी जमवणाऱ्या यंत्रणेचं आहे. ती २०२५ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत बंद पडली. उपग्रह, मोबाईलच्या नोंदी आणि त्यांवरून अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपं हाताशी असताना दारोदार फिरून प्रश्न विचारण्याची गरजच काय, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. तो प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

झालं काय

डीएचएस म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज. परदेशी मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएआयडी ह्या संस्थेने १९८४ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. चाळीस वर्षांत नव्वदहून अधिक देशांत मिळून चारशेच्या वर सर्वेक्षणं झाली. प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाची सांख्यिकी संस्था करते. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी असावी, आलेले आकडे कसे तपासायचे ही तांत्रिक बाजू आयसीएफ ही कंपनी सांभाळत होती. साधारण दर पाच वर्षांनी एक फेरी. मुख्य प्रश्न सगळीकडे तेच, म्हणून घाना आणि कंबोडिया, नेपाळ आणि पेरू ह्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. भारतातलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही ह्याच घराण्यातलं.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं स्वीकारली, तेव्हा ह्या सर्वेक्षणाचं वजन आणखी वाढलं. लक्ष्यं मोजायची कशी हे ठरायला, म्हणजे निर्देशकांची चौकट आमसभेत मंजूर व्हायला, जुलै २०१७ उजाडला. त्या दोनशेहून अधिक निर्देशकांपैकी कित्येकांसाठी गरीब देशांकडे डीएचएस किंवा युनिसेफचं त्याच धाटणीचं एमआयसीएस सोडलं तर दुसरा भरवशाचा स्रोत नव्हता. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू, वयाच्या मानाने खुंटलेली उंची, अठराच्या आत झालेलं लग्न, नवऱ्याकडून होणारी मारहाण, कुशल हातांनी झालेलं बाळंतपण, मुलाच्या जन्माची नोंद झाली की नाही, पाळणा लांबवायची इच्छा असून साधन मिळतं की नाही... ह्यांतलं काहीच सरकारी दप्तरात पुरतं सापडत नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी विकास मदत ९० दिवसांसाठी रोखण्याचा आदेश काढला. काम स्थगित असल्याची सूचना डीएचएसच्या संकेतस्थळावर झळकली. फेब्रुवारी संपता संपता कंत्राटच रद्द झालं. १ जुलैला यूएसएआयडीचं उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं.

कुठल्याही देशाची प्रगती त्या दिवशी थांबली नाही, मागेही गेली नाही. ती दिसण्याची सोय मात्र गेली. रस्ता खचला तर लोक ओरडतात. मोजणी खचली तर कुणाला कळतही नाही, कारण ती खचली हे सांगणारा आकडाही तीच मोजणी देत असते.

अर्ध्यावर थांबलेलं सर्वेक्षण म्हणजे अर्धं सर्वेक्षण नव्हे. सुरुवातीला जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या गटांतून काही गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. मग त्या प्रत्येक गटातल्या घरांची ताजी यादी होते आणि तिच्यातून पंचवीस-तीस घरं निवडली जातात. ही यादी काही महिन्यांतच शिळी होते. लोक स्थलांतर करतात, घरं पडतात, नवी उभी राहतात. मुलाखती घ्यायचं प्रशिक्षण घेतलेल्या मुली दुसरं काम धरतात. निम्म्या प्रांतांत सुगीनंतर मोजलेली मुलांची वजनं आणि उरलेल्यांत टंचाईच्या महिन्यांत मोजलेली वजनं एका सरासरीत घालता येत नाहीत. थांबलेलं काम पुन्हा सुरू करताना बऱ्याचदा पहिल्या पायरीपासूनच यावं लागतं.

एक मुलाखत

ज्यांनी फक्त अंतिम अहवालातले तक्ते पाहिलेत त्यांना ह्या कामाची कल्पना येत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

मुलाखत घेणारी बाई टॅब्लेट घेऊन येते. प्रश्न पडद्यावर एकामागून एक उमटतात. ह्या कामासाठी वापरली जाणारी सीएसप्रो ही प्रणाली विसंगत उत्तर आलं की अडते : आईचं वय आणि मुलाचं वय जुळत नसेल तर पुढे जाऊच देत नाही. घरात कुणी नसेल तर शेजारचं घर घेऊन चालत नाही. पुन्हा यायचं, मग पुन्हा एकदा. कारण जे दिवसभर घरी नसतात त्यांचं आयुष्य घरी असणाऱ्यांपेक्षा वेगळं असतं, आणि त्यांना वगळलं की सरासरी तिथेच वाकडी होते.

मुलांचा प्रश्न येतो तेव्हा आधी जिवंत मुलं विचारतात. घरात राहणारी किती, बाहेर राहणारी किती. मग जिवंत जन्मून नंतर गेलेलं मूल आहे का, असं विचारतात. बाई ‘नाही’ म्हणाली तरी तिथे थांबायचं नसतं. प्रश्नावलीच सांगते की पुन्हा विचारा : रडलेलं, हललेलं, आवाज केलेलं, श्वास घेण्याची धडपड केलेलं, अगदी थोडाच वेळ का होईना जिवंत असल्याची खूण दाखवलेलं एखादं बाळ?

सगळ्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत मला ह्या दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाइतकं मोलाचं काही वाटत नाही. तासाभरात गेलेल्या बाळाचं बहुधा बारसं झालेलं नसतं, कागद झालेला नसतो. कित्येक घरांत त्याचं नावही काढत नाहीत. विचारलं नाही तर ते मूल मोजणीत येतच नाही, आणि देशाचा नवजात मृत्युदर आहे त्याहून चांगला दिसतो. न विचारण्यानेही ‘प्रगती’ होते, ती अशी.

मारहाणीचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात आणि तेही पूर्ण एकांत असेल तरच. मधेच कुणी आलं तर विषय बदलायचा किंवा तो भाग तिथेच सोडायचा. शेवटी बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात, हिमोग्लोबिन जागेवरच मोजून त्या बाईला सांगतात. लहान मुलाला लाकडी फळीवर आडवं झोपवून लांबी मोजतात. एकीने डोकं धरायचं, दुसरीने पाय सरळ ठेवायचे. मूल रडतं, वळवळतं. खुंटलेल्या वाढीचा सगळा आकडा त्या फळीवरच्या एका सेंटिमीटरच्या अचूकपणावर उभा असतो.

ह्या कामात चुका होत नाहीत असं अजिबात नाही. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे बरेच जादा प्रश्न असतात, म्हणून दमलेली मुलाखतकर्ती कधी कधी साडेचार वर्षांच्या मुलाची जन्मतारीख थोडी मागे ढकलते. मूल पाचाच्या वर जातं आणि पानंच्या पानं वाचतात. हे पकडण्यासाठी काम चालू असतानाच प्रत्येक चमूचे तक्ते काढतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांची संख्या एखाद्या चमूत अचानक फुगलेली दिसली की पर्यवेक्षक पुन्हा त्या गावात जातो. लोक वयं शून्य आणि पाचवर आणून सांगतात, मुलाच्या मृत्यूचं वय ‘एक वर्ष’ असं गोळाबेरीज सांगतात, हेही तपासतात. ह्या चुकांना माणसांचा वास आहे, म्हणून त्या शोधता येतात. चूक कुठून येऊ शकते हे माहीत असणं हीच ह्या पद्धतीची ताकद आहे.

रवांडाचा आलेख

ह्या श्रमांतून काय हाती येतं ते एका देशावरून दिसेल. रवांडात १९९४ मध्ये वंशसंहार झाला. २००० च्या डीएचएसमध्ये तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे १९६ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २००५ मध्ये हा दर १५२ वर आला, २०१० मध्ये ७६, २०१४-१५ मध्ये ५० आणि २०१९-२० मध्ये ४५. २०१९-२० च्या फेरीत ५०० गट आणि त्यांतली सुमारे १३ हजार घरं होती, आणि कोविडमुळे मधे खंड पडूनही ती फेरी पुरी झाली.

१९६ वरून ४५. माझ्या माहितीत देशाच्या प्रगतीचा ह्याहून स्पष्ट पुरावा फार थोडा आहे. पण तोच आलेख बारकाईने पाहिला तर शेवटच्या टप्प्यात उतार मंदावलेला दिसतो. आधीच्या पाच वर्षांत ७६ वरून ५०, नंतरच्या पाच वर्षांत ५० वरून ४५. शाश्वत विकासाचं लक्ष्य आहे २०३० पर्यंत २५ किंवा त्याहून कमी. नवजात बालकांचा मृत्युदर २०१९-२० मध्ये हजारी १९ होता, लक्ष्य १२ आहे. म्हणजे लसी, मच्छरदाण्या, जुलाबावरचे उपचार ह्यांनी वाचणारी मुलं बऱ्याच अंशी वाचली होती. आता पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांपर्यंत पोचायचं होतं, आणि ते काम वेगळं आहे. त्याला बाळंतपणाच्या खोलीत कुशल माणूस आणि चालू स्थितीतलं यंत्र लागतं.

हे वळण फक्त पुढच्या फेरीतच नीट दिसू शकतं. एका आकड्याला दिशा नसते. दोन आकडे दिशा दाखवतात, वेग बदलतोय हे कळायला तिसरा लागतो. वाढ खुंटलेल्या मुलांचं रवांडातलं प्रमाण २०१० मध्ये ४४ टक्के, २०१४-१५ मध्ये ३८ आणि २०१९-२० मध्ये ३३ होतं. त्यापुढच्या आकड्याविना आरोग्य खात्यातल्या माणसाला आपलं काम लागू पडतंय की नाही हे कळायचं कसं?

उपग्रहाला गरिबी कोण शिकवतं

आता त्या प्रामाणिक प्रश्नाकडे येऊ. रवांडाच घेते, कारण नव्या पद्धतींचं एक गाजलेलं उदाहरण तिथलंच आहे.

२०१५ मध्ये जोशुआ ब्लूमेनस्टॉक आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. रवांडातल्या सुमारे १५ लाख मोबाईलधारकांच्या कॉल आणि संदेशांच्या निनावी नोंदींवरून कोण किती संपन्न आहे ह्याचा त्यांनी अंदाज बांधला. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा ह्या पाच देशांची उपग्रह-छायाचित्रं यंत्राला वाचायला शिकवली. रात्रीच्या दिव्यांवरून संपन्नता मोजण्याची पद्धत जुनी होती. पण अतिगरीब भाग रात्री सारखेच अंधारे दिसतात, तिथे दिव्यांनी काही कळत नाही. म्हणून त्यांनी दिवसाच्या चित्रांतली छपरं, रस्ते, शेतांचे आकार वाचायला शिकवलं. २०२२ मध्ये तर १३५ देशांचा, २.४ किलोमीटरच्या चौकोनांचा संपन्नतेचा नकाशा प्रसिद्ध झाला.

हे काम मला मनापासून आवडतं. २०२० मध्ये टोगोच्या सरकारने कोविडकाळातली रोख मदत गरिबातल्या गरिबांपर्यंत पोचवायला अशाच पद्धतीचा आधार घेतला. मदत मोबाईलवर गेली, लोकांना रांगेत उभं राहावं लागलं नाही. संकटात घरोघरी जाणं शक्य नसताना काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण ह्या प्रत्येक अभ्यासाच्या पोटात शिरून पाहा. रवांडातल्या पंधरा लाखांचा अंदाज उभा राहिला तो ८५६ माणसांना फोन करून विचारलेल्या प्रश्नांवर, आणि तो बरोबर आहे की नाही हे ताडून पाहिलं डीएचएसच्या आकड्यांशी. १३५ देशांच्या नकाशासाठी यंत्राला संपन्नता म्हणजे काय हे शिकवलं ५६ देशांतल्या डीएचएसने. टोगोच्या प्रारूपामागेही देशाचं घरोघर केलेलं सर्वेक्षण होतं. छपराचा पत्रा चमकतो हे उपग्रहाला दिसतं. पत्र्याचं घर म्हणजे थोडं बरं चाललेलं घर, हे त्याला कुणीतरी आधी सांगावं लागतं. जिने त्या घरात जाऊन छप्पर कशाचं, जमीन कशाची, सायकल आहे का, रेडिओ आहे का हे लिहून आणलं, तीच ते सांगते.

म्हणजे नवी पद्धत जुनीला पर्याय नाही, तिचं अपत्य आहे. आणि हे अपत्य कुठे कमी पडतं तेही ठाऊक आहे. अशी प्रारूपं टोकं आत ओढतात : अतिगरिबांना थोडं कमी गरीब दाखवतात, श्रीमंतांना थोडं कमी श्रीमंत. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच मधल्या घोळक्यात सरकतात. दोन जागांमधला फरक ही प्रारूपं बरा ओळखतात, एकाच जागेत पाच वर्षांत झालेला बदल ओळखणं त्यांना फार जड जातं. आणि प्रगती म्हणजे तर बदलच. शिवाय एका छपराखाली कोण आधी जेवतं आणि कोण उरलेलं खातं हे कुठल्याच उंचीवरून दिसत नाही. नवऱ्याच्या नावावरच्या फोनची नोंद बाईबद्दल काय सांगणार? २०२४ मध्ये, तेव्हाच्या अंदाजानुसार, जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. डिजिटल पाऊलखुणांवरून मोजणी करायची तर ज्यांची पावलंच उमटत नाहीत त्यांचं काय करायचं हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नकाशे करणारे तिच्याबद्दल कुरकुर करतात म्हणून. डीएचएसमध्ये प्रत्येक गटाची जागा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदतात, पण फाईल प्रसिद्ध करताना ती मुद्दाम हलवतात : शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत, आणि खेड्यातल्या शंभरांतल्या एखाद्या गटाला दहापर्यंतही. त्यामुळे प्रारूपाची अचूकता घटते हे खरं. पण जिने बंद दारामागे मारहाणीबद्दल सांगितलं तिचं गाव कुणाला ओळखता येऊ नये, म्हणून ती घट पत्करली आहे. नकाशा थोडा धूसर राहिला तरी चालेल, ह्या निर्णयाच्या बाजूने मी आहे.

पडद्यावरचे रंग

सर्वेक्षण थांबलं त्या महिन्यात जगातला एकही डॅशबोर्ड, म्हणजे देशांची प्रगती रंगांत दाखवणारा संगणकावरचा फलक, काळा पडला नाही. ह्या प्रकरणातली मला सगळ्यात काळजीची वाटणारी बाब हीच.

१७ उद्दिष्टांचे रंगीत चौकोन आपण सगळ्यांनी पाहिलेत. हिरवा म्हणजे वाटेवर, लाल म्हणजे मागे. देशाच्या नावावर बोट ठेवलं की ताजं वर्ष आणि त्यापुढे आकडा येतो. पण पडद्यावरचं वर्ष आणि मोजणीचं वर्ष एकच असेल असं नाही. मधली वर्षं अंदाजाने भरलेली असतात. ह्यात लबाडी नाही. तशी पद्धत आहे आणि तिचे नियम लिहिलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांचा आंतरसंस्था गट बालमृत्यूचे अंदाज काढतो तेव्हा उपलब्ध सर्वेक्षणांमधून एक वक्र रेषा ओढतो आणि अनिश्चिततेचा पट्टाही देतो. २०२३ मध्ये जगात ४८ लाख मुलं पाच वर्षांची होण्याआधी गेली हा आकडा असाच आलेला आहे. सर्वेक्षण जुनं होत जातं तसा तो पट्टा रुंदावतो. पण डॅशबोर्डवरच्या चौकोनात पट्टा मावत नाही. तिथे एकच रंग असतो, आणि तो दहा वर्षांपूर्वीच्या मुलाखतीवर उभा असला तरी कालच्या मोजणीइतकाच ठळक दिसतो.

नायजेरियाचं उदाहरण घ्या. २०१८ च्या डीएचएसमध्ये तिथला बालमृत्यू दर हजारी १३२ होता, २०२३-२४ च्या फेरीत ११०. ही दुसरी फेरी आदेशाच्या आधी पार पडली. काही महिने उशीर झाला असता तर पुढची कित्येक वर्षं नायजेरियाचा आकडा १३२ वरून रेषा लांबवून काढावा लागला असता, आणि झालेली सुधारणा किंवा न झालेली सुधारणा दोन्ही नजरेआड राहिली असती. नायजेरियाइतक्या मोठ्या देशाचा आकडा सरकला की सगळ्या जगाची बेरीज सरकते.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. प्रगतीच्या प्रत्येक आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, शेवटची प्रत्यक्ष मोजणी कधी झाली ते वर्ष असावं. ठरावीक वर्षं उलटली की चौकोनाचा रंग काढून घ्यावा. रिकामा चौकोन पाहून मंत्र्याला अवघडल्यासारखं होईल, आणि ते व्हायलाच हवं. ह्याला तंत्रज्ञान लागत नाही, मनाची तयारी लागते.

पैसा कुणाचा

चूक कुणाची हे विचारायला सगळे उत्सुक असतात. ज्यांनी निधी तोडला त्यांची जबाबदारी उघड आहे. चालू सर्वेक्षण मधेच तोडणं ह्याचं कुठलंही समर्थन मला पटत नाही. पण चाळीस वर्षं नव्वद देशांची मोजणी मुख्यतः एकाच दात्याच्या खिशावर चालली होती, आणि हे ठाऊक असून सगळे निवांत होते, हेही तितकंच खरं आहे. दाता असला की प्रश्नही त्याच्या आस्थेचे वाढत जातात. प्रश्नावली फेरीगणिक फुगली, मुलाखती लांबल्या. जिल्हा पातळीचे आकडे देशांना हवे असायचे, पण बहुतेक ठिकाणी नमुना त्याला पुरा पडत नव्हता.

दुसरी वाट होती आणि पेरूने ती चालून दाखवली. तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था ह्याच धाटणीचं सर्वेक्षण स्वतः दरवर्षी करते. पाच वर्षांतून एकदा मोठा चमू उभा करायचा आणि मोडायचा, त्याऐवजी कायमचा छोटा चमू वर्षभर फिरत राहतो. मुलाखती घेणाऱ्यांचा अनुभव वाया जात नाही आणि सरकारला दरवर्षी आकडा मिळतो. रस्ते, वीज ह्यांसारखाच हा पायाभूत खर्च आहे असं एकदा मानलं की तो अंदाजपत्रकात बसतो. फार गरीब देशांना तो एकट्याने झेपणार नाही, तिथे बाहेरची मदत लागेलच. पण मदत करणारे हात दोन-तीन तरी हवेत.

आणि कायमची वाट त्याहून मूलभूत आहे : प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद. ती पुरी असती तर बालमृत्यूसाठी दारोदार जावंच लागलं नसतं. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंद नाही. डिजिटल तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने बाळ जन्मताच फोनवर नोंद करावी आणि ती थेट नोंदणी कार्यालयात उमटावी. छपरं पाहून गरिबी ओळखण्यापेक्षा हे काम कमी झगमगीत आहे, पण ते झालं की मोजणी कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही.

जुन्या फाईलींची सोयही आधीपासून एकाहून अधिक ठिकाणी होती. मिनेसोटा विद्यापीठाचा आयपीयूएमएस प्रकल्प वेगवेगळ्या फेऱ्यांचे रकाने एकसारखे करून संशोधकांना देतो. कार्यक्रम बंद पडल्यावर अनेकांना पहिली धास्ती वाटली ती जमवलेलं सगळं नाहीसं होण्याची. तसं झालं नाही. पुढे गेट्स फाउंडेशनने तात्पुरता निधी दिला आणि थांबलेल्या कामातलं काही पुन्हा हलू लागलं. पुन्हा एक दाता आला, म्हणजे जुनाच प्रश्न नव्या नावाने उभा राहिला आहे.

काय परत मिळतं, काय नाही

२०३० चा हिशेब मांडायचा तर मोजणी २०२८-२९ मध्ये व्हायला हवी. आकडे तपासून अहवाल यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तेव्हा आजचं भगदाड किती बुजेल?

बालमृत्यूचं बऱ्याच अंशी बुजेल. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारतात; प्रत्येक जन्माचा महिना आणि वर्ष लिहितात. फाईलमध्ये तो जानेवारी १९०० पासून मोजलेल्या महिन्यांत असतो, जानेवारी २०१५ म्हणजे १३८१. त्यामुळे २०२९ मध्ये विचारलं तरी २०२५ मध्ये गेलेलं मूल मोजता येतं. आई विसरत नाही. पण त्या चार वर्षांत जी आई स्वतःच गेली तिला विचारता येणार नाही, आणि तिच्या बाळाची ओळ कुठल्याच फाईलमध्ये येणार नाही.

उंचीचं तसं नाही. २०२५ मध्ये दोन वर्षांचं असलेलं मूल २०२९ मध्ये सहा वर्षांचं होईल आणि पाच वर्षांखालच्या मोजणीतून बाहेर पडेल. त्या वर्षी ते फळीवर किती सेंटिमीटर भरलं असतं, त्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन किती होतं, त्या आठवड्यात ताप आलेल्या बाळाला दवाखान्यात नेलं होतं का, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आठवणीतून वय निघतं, मृत्यू निघतो. लांबी निघत नाही. जिथे त्या वर्षी फळी पोचली नाही तिथल्या मुलांच्या रकान्यात २०२५ पुढे टिंब, म्हणजे माहिती नसल्याची खूण, असेल, आणि ते टिंबच राहील.